विश्लेषण : फार्महाऊसच्या आतल्या दारांची निवड कशी करावी? पावसाळ्यात दारे का फुगतात?

मुळशी, पानशेत, कर्जत, अलिबाग, मुरूड या पट्ट्यांत आठवड्या-पंधरवड्यातून एकदा उघडणाऱ्या घरांची संख्या वाढते आहे. या घरांच्या दर्शनी दरवाजावर मालक हौसेने खर्च करतात. जाड सागवान, पितळी कड्या, वर गणेशपट्टी, काहीच कमी पडू दिले जात नाही. आतल्या दारांचा निर्णय मात्र अगदी शेवटी, पैसे संपत आले असताना आणि बहुतेक वेळा मोबाइलवरची छायाचित्रे पाहून होतो. पहिल्या पावसाळ्यानंतर तक्रारी येतात त्या याच दारांच्या. शयनगृहाचे दार चौकटीत अडकते, न्हाणीघराच्या दाराची खालची कड फुगून सुटते, कोठीच्या चौकटीवर मातीची रेघ चढलेली दिसते. आतले दार निवडताना काय पाहावे आणि पैसा कुठे घालावा, याविषयी.

‘फार्महाऊस शैली’ आली कुठून?

आज इंटिरियर डिझायनर ज्याला ‘फार्महाऊस लुक’ म्हणतात तो मूळचा अमेरिकी आहे. पांढऱ्या रंगाच्या फळ्या, काळे लोखंडी बिजागर, झेड किंवा एक्सच्या आकारात ठोकलेल्या पट्ट्या आणि भिंतीवरच्या रुळावर सरकणारे ‘बार्न डोअर’, म्हणजे गोठ्या-कोठाराचे दार. टेक्सास राज्यातल्या वेको शहरात जुनी घरे नव्याने सजवणारे चिप आणि जोआना गेन्स हे दाम्पत्य २०१३ मध्ये ‘फिक्सर अप्पर’ या मालिकेतून दूरचित्रवाणीवर आले. त्या मालिकेने ही शैली घराघरांत नेली आणि समाजमाध्यमांनी ती जगभर पोहोचवली.

आपल्याकडच्या शेतघराचे दार याहून वेगळे असते. कोकणातल्या चौपाखी घरात किंवा घाटावरच्या वाड्यात माजघराचे, कोठीचे, देवघराचे दार बहुधा दोन झडपांचे, ठेंगणे, जाड चौकटीचे आणि उंच उंबरठ्याचे असे. लाकूड परिसरातलेच असे. साग परवडला तर साग, नाहीतर फणस, ऐन, किंजळ, शिवण. दोन्हीकडची दारे आपापल्या हवेसाठी घडली आहेत. कोरड्या किंवा थंड प्रदेशातल्या दाराचे चित्र कर्जतच्या सुताराला दाखवून ‘असेच हवे’ म्हणणे सोपे आहे. मात्र चार महिन्यांचा पाऊस त्या चित्रात नसतो.

शहरातल्या फ्लॅटपेक्षा इथला प्रश्न वेगळा का?

फ्लॅटमध्ये माणसे रोज राहतात. खिडक्या उघडतात, पंखे फिरतात, स्वयंपाक होतो, त्यामुळे हवा हलती राहते. फार्महाऊस जुलैत तीन-तीन आठवडे कडेकोट बंद असते. आत साचलेली दमट हवा बाहेर पडत नाही आणि लाकूड ती पिते.

लाकूड तोडून, वाळवून, रंगवून झाले तरी ते हवेशी देवाणघेवाण करतच राहते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातला ओलावा साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली आणि तशीच राहिली, तर तो १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. रंग किंवा पॉलिश हा प्रवास मंद करते, थांबवत नाही.

इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. समुद्राकाठच्या अलिबागपेक्षा मुळशी-मावळातल्या दारांची हालचाल जास्त असू शकते. किनाऱ्यावर हवा बारा महिने दमट असते, त्यामुळे लाकूड वर्षभर थोडे फुगलेलेच राहते. घाटमाथ्याच्या पायथ्याशी मात्र एप्रिलची दुपार कोरडी ठणठणीत आणि जुलैचा महिना ओलाचिंब. दाराला वर्षातून एकदा आकसावे लागते आणि एकदा फुगावे लागते. सुतार ऑगस्टमध्ये रंधा मारून दार ‘मोकळे’ करून देतो आणि एप्रिलमध्ये त्याच दाराच्या कडेतून बोट जाईल इतकी फट दिसते. पुढच्या पावसात पुन्हा तेच. दोन-तीन वेळा असा रंधा बसला की कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत धड पोहोचत नाही.

पॅनलचे दार कमी का फुगते?

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, ते हलते रुंदीत. सागाचे उदाहरण घेऊ. ९०० मिलिमीटर रुंदीचे दार नुसत्या उभ्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून केले आणि लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी वाढला, तर फळी कशी चिरली आहे त्यानुसार दाराची रुंदी साडेपाच ते दहा मिलिमीटरने वाढू शकते. दार बसवताना सुतार दोन्ही बाजूंना मिळून सहा मिलिमीटर फट ठेवतो. म्हणजे असे दार पावसात अडकणार हे गणितानेच ठरलेले आहे. आणि साग हा तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक आहे.

पॅनलच्या दाराची रचना हा प्रश्न मुळातच टाळते. दोन उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या तीन-चार आडव्या पट्ट्या आणि मधल्या चौकोनांत बसवलेली पातळ पॅनले. आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीच्या दिशेने असते आणि लांबीत लाकूड हलत नाही. उरल्या दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी १०० मिलिमीटर रुंद धरल्या तर त्याच ६ टक्क्यांच्या वाढीत दोन्ही मिळून फार तर सव्वादोन मिलिमीटर फुगतात. ठेवलेल्या फटीत ते सहज मावते. पॅनले फुगतात, पण ती खाचेत सैल बसवलेली असल्याने आतल्या आत सरकतात.

मात्र पॅनल खाचेत सैल असणे ही अट आहे. घाईतला सुतार पॅनलच्या चारही कडांना डिंक लावून टाकतो किंवा बाहेरून खिळे मारतो. मग फुगलेल्या पॅनलला जागा मिळत नाही, ते एकतर मधोमध तडकते किंवा चौकटीचे सांधे उघडते. काम पाहायला गेल्यावर पॅनल अंगठ्याने दाबून किंचित हलते का, एवढे तपासले तरी पुरे. रंगवताना पॅनल खाचेत बसवण्याआधीच त्याला रंग किंवा पॉलिशचा एक हात द्यावा. तो दिला नाही तर उन्हाळ्यात पॅनल आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते.

शयनगृहे आणि माजघरासाठी, म्हणजे दार जिथे रोज दिसते आणि कोरडे राहते तिथे, पॅनलचे दार हा सर्वात निर्धोक पर्याय आहे. फार्महाऊसचे रूपही त्यातून मिळते. दोन मोठ्या चौकोनांचे साधे पॅनल, मेणाचे किंवा तेलाचे पॉलिश, काळी किंवा पितळी मूठ. नक्षीची गरज नाही.

फळ्यांचे दार हवेच असेल तर?

उभ्या फळ्यांचे दार दिसायला देखणे असते, त्यात वाद नाही. ते करायचे तर फळ्या एकमेकींना चिकटवू नयेत. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ काढून त्या नुसत्या गुंतवाव्यात, दर दोन फळ्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर जागा ठेवावी आणि मागून आडव्या पट्ट्यांना प्रत्येक फळी एकाच मधल्या स्क्रूने धरावी. मग प्रत्येक फळी आपल्या जागी फुगते आणि दाराची एकूण रुंदी फारशी बदलत नाही.

मागच्या तिरक्या पट्टीची दिशा महत्त्वाची. तिचे खालचे टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचे टोक मुठीच्या बाजूला हवे. दाराचा मोकळा कोपरा आपल्या वजनाने खाली ओढला जातो आणि ही पट्टी तो भार दाबून बिजागरीकडे नेते. उलट बसवली तर ती नुसती शोभेची राहते आणि वर्षभरात दार जमिनीला घासू लागते. बाजारात मिळणाऱ्या ‘फार्महाऊस डोअर’मध्ये ही पट्टी बहुतेकदा प्लायवर वरून चिकटवलेली असते. तिथे दिशेने फरक पडत नाही, पण मग ते फळ्यांचे दारही नसते.

साग घ्यायचा तर कोणता?

सागाची कीर्ती खरी आहे, पण ती सागाच्या गाभ्याची आहे. गाभ्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहज धरत नाहीत. खोडाच्या बाहेरच्या फिकट, पांढरट भागाला हे संरक्षण नसते. पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीच्या झाडात हा पांढरा भाग बराच असतो. त्यामुळे ‘सागाचे दार, तरी कीड लागली’ ही तक्रार ऐकू येते तेव्हा दार सागाचेच असते, फक्त चुकीच्या भागाचे असते. पॉलिश किंवा डाग देण्याआधी कोऱ्या लाकडात हा फरक डोळ्यांना दिसतो. नंतर दिसत नाही.

‘बर्मा टीक’ हे नाव बाजारात अजून सर्रास चालते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातली. आज आयात होणारे बरेच सागवान आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीतून येते. ते वाईट असते असे नाही, पण त्यासाठी बर्माचा भाव देणे शहाणपणाचे नाही. देशी सागात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या लाकडाला जुन्या ‘सेंट्रल प्रोव्हिन्सेस’वरून अजूनही ‘सीपी टीक’ म्हणतात. अयोध्येच्या राम मंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलेले लाकूड याच पट्ट्यातले. त्यासोबत या सागाची मागणीही चर्चेत आली.

शेतात स्वतःची झाडे असणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘आपल्याच बांधावरचा साग कापून दारे करू’ हा विचार मोहक असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, आंबा, फणस यांसारखी झाडे खासगी जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाहतुकीचा परवानाही लागतो. शिवाय ओला ओंडका आज कापून उद्या त्याचे दार होत नाही. हवेत वाळवायचे तर जाड फळ्यांना एक वर्ष सहज लागते. भट्टीत वाळवणे जलद, आणि खात्रीचेही. लाकूड उतरवून घेताना ओलावा मोजणारे हातात मावणारे यंत्र लावून पाहावे. १२ टक्क्यांच्या आसपासचे लाकूड दारांसाठी चांगले, २० टक्क्यांच्या पुढचे परत पाठवावे.

सागाचा अट्टहास नसेल तर कोकणात फणस आणि शिवण हे जुने, पारखलेले पर्याय आहेत. शिवण हलकी आणि न वाकणारी. फणस पिवळाधमक, उन्हात-हवेत हळूहळू तपकिरी होत जाणारा. दोन्हींमध्ये गाभ्याचेच लाकूड घ्यावे. पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेले स्वस्त पाइन ‘रस्टिक’ दिसते खरे, पण वाळवीसाठी ते पंगतीला वाढलेले पान आहे. प्रक्रिया केलेले असल्याची खात्री नसेल तर जमिनीलगतच्या घरात ते नकोच.

फ्लश डोअर म्हणजे कमअस्सल का?

नाही. उलट अनेक खोल्यांसाठी तेच शहाणपणाचे. आत लाकडी पट्ट्यांचा भरीव गाभा आणि दोन्ही बाजूंना उभे-आडवे थर दिलेले प्लाय, अशा दारात एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. म्हणून रुंदी जवळजवळ स्थिर राहते. घ्यायचे ते भरीव गाभ्याचे, ३० ते ३५ मिलिमीटर जाडीचे, आयएस २२०२ या मानकाचे आयएसआय चिन्ह असलेले. दमट भागात गोंद कोणता हे विचारणे आवश्यक आहे. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद पाण्याला टिकतो, युरियाचा स्वस्त गोंद टिकत नाही. पोकळ गाभ्याचे दार वजनाने हलके लागते आणि टकटक केल्यावर डबा वाजल्यासारखे वाजते.

फ्लश डोअर फुगत नसले तरी वाकते. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे एका बाजूला सनमायका आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग. सनमायका लावलेली बाजू ओलावा घेत नाही, दुसरी घेते, आणि दार पापडासारखे वळते. दोन्ही बाजूंना सारखाच थर हवा. दुसरी चूक मापाची. दारे एकाच मापाची आणून जागेवर करवतीने कापली की कडेची भक्कम पट्टी निघून जाते आणि गाभा उघडा पडतो. चौकटी बसल्यावर प्रत्येकीचे माप घेऊन मागणी नोंदवावी.

सरकते ‘बार्न डोअर’ कुठे चालते?

कोठी, कपड्यांची खोली, वाचनाचा कोपरा, स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये. न्हाणीघर किंवा शयनगृहाला नको. हे दार भिंतीच्या बाहेर लोंबते, चौकटीत बसत नाही. त्यामुळे बाजूंना आणि खाली फट राहणारच. आवाज, वास, डास काहीही अडत नाही. फार्महाऊसमध्ये विंचू आणि सापाच्या पिल्लालाही ती फट पुरते.

दाराइतकीच मोकळी भिंत शेजारी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात येते. त्या भिंतीवर दिव्यांची बटणे नकोत, हे मात्र वायरिंग झाल्यावर लक्षात येते. आपल्याकडे बटणे दाराच्या शेजारीच असतात. रूळ पेलणारी भिंतही पाहावी. जांभ्याच्या किंवा विटांच्या भिंतीत, आणि त्याहून बरे म्हणजे दारावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात, बोल्ट पक्का बसतो. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये साधा बोल्ट काही महिन्यांत सैल होतो. तिथे आरपार बोल्ट किंवा खास रासायनिक अँकर लागतो. सात फुटी भरीव सागाचे दार चाळीस किलोच्या घरात जाते. ते रुळावरून निसटले तर खाली कोण उभे आहे, हा विचार बोल्टच्या किमतीत काटकसर करताना व्हावा.

वाळवी दारातून येते की चौकटीतून?

जवळजवळ नेहमी चौकटीतून. जमिनीतली वाळवी मातीच्या नळ्या करत वर चढते आणि तिला सर्वात सोपी वाट मिळते ती फरशीखाली गाडलेल्या चौकटीच्या पायातून. पूर्वी चौकट पक्की बसावी म्हणून पाय जमिनीत पुरत. आता तसे करण्याची गरज नाही. चौकटीचे पाय तयार फरशीच्या किंचित वर संपवावेत. ते दगडी उंबरठ्यावर टेकले तर उत्तम. भिंतीला चिकटणारी मागची बाजू, जी नंतर कधीच दिसणार नाही, तिला वाळवीरोधक औषधाचे दोन हात आधीच द्यावेत.

घर बांधतानाच जमिनीवर वाळवीरोधक प्रक्रिया करणे हे सर्वांत परिणामकारक. तिची पद्धत आयएस ६३१३ या मानकात दिलेली आहे. पाया भरून झाल्यावर, मग कोणत्याही किमतीचे दार आणा, एवढे स्वस्त संरक्षण पुन्हा मिळत नाही. मुख्य दरवाजाच्या नक्षीतले पैसे वाचवून ते इथे घालावेत. बंद घरात वाळवीला महिनाभर कोणी हटकत नाही, आणि माणूस येईपर्यंत चौकटीचा नुसता रंगाचा पापुद्रा उभा असतो.

न्हाणीघराचे दार सर्वात महत्त्वाचे का?

फार्महाऊसमध्ये सुटीला आई-वडील येतात, नातवंडे येतात. जवळचे रुग्णालय तासाभरावर असते आणि शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नसते. न्हाणीघरात पाय घसरून पडलेला माणूस दाराला टेकून पडला आणि दार आत उघडणारे असले, तर बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. फार जोर लावला तर पडलेल्यालाच इजा होते. म्हणून ज्येष्ठ वापरणार असतील ते न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. बाहेर उघडताना ते अरुंद वाटेत येत नाही ना, हे नकाशावरच पाहावे. सरकते हवे असेल तर रुळावर लोंबणारे बार्न डोअर इथे नको, भिंतीच्या खाचेत जाणारे चालेल.

दुसरी गोष्ट रुंदी. ‘अडीच फुटी दार’ म्हणजे भिंतीतले भोक साडेसातशे मिलिमीटर. त्यातून चौकट आणि उघडलेल्या झडपेची जाडी वजा केली की जायला वाट उरते जेमतेम सहाशे मिलिमीटर. चाकाची खुर्ची त्यातून बहुधा जात नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर असावी असे म्हटले आहे. सगळी दारे तशी करणे जमले नाही तरी तळमजल्यावरचे एक शयनगृह आणि त्याचे न्हाणीघर यांची करून ठेवावीत. भिंत बांधताना यासाठी खर्च नाममात्र येतो. नंतर भिंत फोडावी लागते.

तिसरी गोष्ट कडी. आतून लावायची साधी पोलादी कडी फक्त आतूनच निघते. लहान मूल आत अडकले किंवा कोणाला भोवळ आली तर दार तोडावे लागते. त्याऐवजी बाहेरच्या बाजूला खाच असलेले कुलूप बसवावे. त्यात नाणे घालून फिरवले की ते उघडते. किमतीतला फरक एका वेळच्या हॉटेलच्या बिलाएवढाही नसतो.

साहित्याचा निर्णय तुलनेने सोपा. इथे लाकडाचा हट्ट नको. चौकट ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची, दार डब्ल्यूपीसीचे म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचे. त्याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, वरून रंग देता येतो आणि पॅनलच्या खोबणीही करून मिळतात. स्क्रू धरण्याची ताकद प्रत्येक डब्ल्यूपीसीची सारखी नसते. बिजागरीच्या जागी भरीव भाग आहे का, हे विचारावे. लाकडीच हवे असेल तर आतल्या बाजूला खालचा फूटभर ॲल्युमिनियमचा पत्रा मारण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे.

जुन्या वाड्याचे दार आणून बसवावे का?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली कोरीव दारे पाहिलेल्या कोणालाही हा मोह होतो. पाडलेल्या वाड्यांची दारे, तुळया, खांब ओशिवऱ्याच्या आणि पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात. शंभर वर्षे वाळलेल्या सागाची बरोबरी नवे लाकूड करू शकत नाही, हे खरे. तरी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली उंची. ही दारे अनेकदा साडेपाच-सहा फुटांचीच असतात. वाकून आत जाण्याची सवय गेलेल्या पिढीच्या कपाळाला त्याची किंमत मोजावी लागते. असे दार देवघराला किंवा कोठीला शोभते, वर्दळीच्या वाटेवर नको.

दुसरी, कीड. टोचणी घालून पाहावी, दार आपटून त्यातून पिठासारखा भुसा पडतो का बघावे. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या दारांवर ऑइल पेंटचे अनेक थर असतात आणि जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग सँडपेपरने कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर बसते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते. रंग रसायनाने मऊ करून, ओला खरवडून, घराबाहेर आणि मास्क लावून काढावा. गर्भवती आणि मुले तिथे नकोत.

बिजागरी, मुठी आणि फटींचे काय?

सात फुटी दाराला किमान तीन बिजागऱ्या, जड असेल तर चार. अलिबाग-मुरूडसारख्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडावर एका पावसात गंज धरतो. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलवरही तपकिरी डाग येतात. मॉलिब्डेनम असलेले ३१६ दर्जाचे स्टील किंवा भरीव पितळ टिकते. काळ्या रंगाचे ‘फार्महाऊस’ बिजागर बहुधा पावडर कोटिंग केलेले साधे लोखंड असते. स्क्रूच्या भोकापाशी रंग उडाला की गंज तिथूनच सुरू होतो. कोठीच्या आणि मागच्या पडवीकडे उघडणाऱ्या खोलीच्या दाराखाली ब्रशची पट्टी लावावी, म्हणजे विंचू-काट्याची वाट बंद होते.

दारे कधी बसवावीत, घर बंद करताना काय करावे?

गिलावा आणि फरशी यांतून नव्या घरात प्रचंड पाणी शिरलेले असते. ते सुकण्याआधी दारे आत आणून भिंतीला टेकवून ठेवली की बसवण्याआधीच ती फुगतात. दिवाळी उलटल्यावर, हवा कोरडी होऊ लागली की लाकूड आणावे, दोन-तीन आठवडे घरातच आडवे, मध्ये पट्ट्या घालून ठेवावे आणि मग बसवावे. हिवाळ्यात बसवलेल्या दाराला प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर फट ठेवावी. पावसात बसवणे टाळता आले नाही तर कडा तासून सैल करण्याचा मोह आवरावा.

रंगारी दाराच्या दोन तोंडांना आणि दोन उभ्या कडांना रंग देतो. वरची कड दिसत नाही आणि खालची कड दार बसल्यावर हाताला लागत नाही, म्हणून त्या कोऱ्या राहतात. नेमक्या तिथेच लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि पाणी सर्वांत वेगाने शिरते. दार बिजागरीवर चढण्याआधी या दोन कडांना तीन हात द्यायला सांगावे, आणि आरसा खाली धरून तपासावे.

पावसाळ्यात घर बंद करून निघताना आतली दारे लावून घेऊ नयेत. ती उघडी ठेवून भिंतीवरच्या हुकात किंवा चुंबकी स्टॉपरमध्ये अडकवावीत, म्हणजे एका खोलीतली हवा दुसरीत फिरते आणि वाऱ्याने दार आपटत नाही. कपाटांची आणि कोठीची दारे जाळीची किंवा पट्ट्यांच्या झडपांची असतील तर बुरशी कमी धरते. परत आल्यावर सामान उतरवण्याआधी बॅटरी घेऊन प्रत्येक चौकटीच्या पायाशी एक फेरी मारावी. मातीची नळी दिसली तर ती लगेच पुसून टाकू नये. ती कुठून निघाली आहे, याचा माग काढता येतो आणि औषध नेमके तिथे घालता येते.